भंडाऱ्याची पोटनिवडणूक आणि बाबासाहेबांचा मधुमेह

१९५४ च्या मे महिन्यात भंडारा लोकसभा मतदारसंघात झालेली पोटनिवडणूक आज फारशी कुणाच्या स्मरणात नाही. वैनगंगेच्या काठचा हा जिल्हा तेव्हा महाराष्ट्रात नव्हता. नागपूर ही राजधानी असलेल्या त्या वेळच्या मध्य प्रदेश राज्यात तो मोडत होता आणि आजचा गोंदिया जिल्हाही त्यातच सामावलेला होता. धानाच्या बांध्या कोरड्या पडलेल्या, तलाव तळाला गेलेले, जंगलात तेंदूपानाची तोड सुरू झालेली, अशा दिवसांत या मतदारसंघाच्या राखीव जागेसाठी एक त्रेसष्ट वर्षांचे उमेदवार उभे होते. देशाची राज्यघटना ज्या समितीने सिद्ध केली तिचे ते अध्यक्ष होते, स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री होते आणि चालताना त्यांना काठीचा आधार लागत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शरीरात मधुमेह तेव्हा निदान सहा वर्षे मुक्काम करून होता.

बाबासाहेबांच्या चरित्रांतून या आजाराच्या वाट्याला बहुधा एखाद-दुसरे वाक्य येते. ते स्वाभाविकही आहे. महाडचे तळे, गोलमेज परिषद, पुणे करार, घटना समिती आणि नागपूरची दीक्षाभूमी एवढा मोठा पट मांडायचा असताना लघवीतील साखरेचा हिशेब कोण ठेवणार? परंतु १९४८ ते १९५६ या काळातील त्यांच्या कामांच्या तारखा एकापुढे एक मांडल्या, की त्यांच्यामागे आणखी एक वेळापत्रक दिसू लागते. ते डॉक्टरांचे होते. या दोन वेळापत्रकांतील ओढाताण हा त्यांच्या उत्तरायुष्याचा एक मोठा भाग आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत जन्मलेल्या भीमरावांची प्रकृती मूळची दणकट होती. सुभेदार रामजी सकपाळांचे हे चौदावे अपत्य. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १९१२ साली पदवी, बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात अध्ययन, मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी आणि १९२० ते १९२३ पुन्हा लंडन. या लंडनमधील वर्षांत ते अर्धपोटी राहून ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाचत बसत. पुढील आयुष्यातही रात्र-रात्र जागून वाचण्याची आणि लिहिण्याची सवय सुटली नाही. व्यायाम नाही, वेळेवर जेवण नाही, पुरेशी झोप नाही, हा क्रम तीस वर्षे चालला. त्यांना मधुमेह त्यामुळेच झाला असे म्हणणे धाडसाचे होईल. पण झालेल्या मधुमेहाला ही दिनचर्या मानवणारी नव्हती, हे सांगायला वैद्याची गरज नाही.

योगायोग असा, की बाबासाहेब लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी खपत होते त्याच काळात, १९२१ च्या उन्हाळ्यात, कॅनडातील टोरोंटो येथे इन्सुलिनचा शोध लागला. जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्या रुग्णाला टोचण्यात आले. तोपर्यंत मधुमेहावर उपासाखेरीज इलाज नव्हता. इन्सुलिनमुळे मधुमेही जगू लागले आणि ते वर्षानुवर्षे जगू लागल्यावर या रोगाचा दुसरा चेहरा पुढे आला. डोळ्यांच्या पडद्यावरील, पायांच्या नसांवरील आणि मूत्रपिंडांवरील त्याचे घाव दिसू लागले. १९३६ साली किमेलस्टील आणि विल्सन या दोन संशोधकांनी आठ रुग्णांच्या मूत्रपिंडांतील विशिष्ट गाठींचे वर्णन प्रसिद्ध केले. साखर आवरली तरी रोग आवरला असे नव्हे, हे त्यातून प्रथमच ठळकपणे समोर आले. मात्र ते वर्णन मृतांच्या मूत्रपिंडांचे होते. जिवंत माणसात ही पडझड केव्हा सुरू होते, हे ओळखण्याचे साधन कुणाकडेच नव्हते.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्यांचा मुक्काम दिल्लीत हलला. त्याच महिन्यात नागपूरच्या अधिवेशनात शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. पत्नी रमाबाई १९३५ सालीच निवर्तल्या होत्या. घरी जेवणाखाण्याकडे आणि औषधाकडे लक्ष देणारे कुणी नव्हते. २९ ऑगस्ट १९४७ रोजी घटनेच्या मसुदा समितीची नियुक्ती झाली आणि अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. काम सुरू झाले त्या सुमारासच पायांतील असह्य कळांनी त्यांची झोप उडवली होती. दिवसा सोसवणारे दुखणे रात्री अंथरुणावर पाठ टेकली की उसळून येई. मधुमेहाने नसा बिघडल्या, की होणाऱ्या वेदनांची ही ओळखीची रीत आहे. त्याच्या जोडीला संधिवात आणि रक्तदाबही होता.

उपचारांसाठी ते मुंबईला येत, तेव्हा गिरगावातील डॉ. माधवराव मालवणकर यांच्याकडे त्यांची तपासणी होई. तेथेच काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा परिचय वाढला. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीतील हार्डिंग अॅव्हेन्यूवरील निवासस्थानी दोघांचा विवाह झाला आणि शारदाबाई सविता आंबेडकर, म्हणजेच पुढे सर्वांच्या माईसाहेब झाल्या. या विवाहावर त्या काळी आणि नंतरही पुष्कळ बोलले गेले. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. त्या दिवसापासून बाबासाहेबांच्या घरात एक डॉक्टर होती आणि पथ्याला, इन्सुलिनला, तपासणीला वेळ लागू झाली.

ही तपासणी म्हणजे काय होती, हे आजच्या वाचकाला सांगावे लागेल. बोटाच्या टोकावरील थेंबाने साखर मोजणारी यंत्रे तेव्हा नव्हती. रक्तातील साखर प्रयोगशाळेतच होई आणि तीही अधूनमधून. रोजचा कारभार लघवीवर चाले. काचेच्या परीक्षानळीत पाच मिलिलिटर बेनेडिक्टचे निळे द्रावण घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवट झाला तर थोडी. पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटेसारखा लाल झाला तर भरपूर. त्या रंगावरून इन्सुलिनची मात्रा ठरे. सुई आणि काचेची सिरिंज पाण्यात उकळून घ्यावी लागे. पन्नाशी-साठीच्या दशकांत महाराष्ट्रातील असंख्य मधुमेही घरांत फडताळावर ही निळी बाटली आणि लाकडी घोडीत उभ्या नळ्या असत. देवघराइतकाच त्या कोपऱ्याचाही दरारा असे.

या नळीची मर्यादा मोठी होती. रक्तातील साखर सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याखेरीज ती सर्वसाधारणपणे लघवीत उतरतच नाही. म्हणजे नळी निळी असतानाही रक्तात नको तेवढी साखर असू शकते. मूत्रपिंडांविषयी तर ही नळी अवाक्षर काढत नसे. त्यासाठी दुसरी परीक्षा होती आणि ती शंभर वर्षांहून जुनी होती. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली दाखवून दिले, की अंगावर सूज असलेल्या काही रुग्णांची लघवी तापवली तर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी ती साकळते आणि अशा रुग्णांची मूत्रपिंडे खराब झालेली असतात. साकळणारा पदार्थ म्हणजे अल्ब्युमिन हे प्रथिन. निरोगी मूत्रपिंडातील सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या त्याला रक्तातच अडवून धरतात. गाळणी फाटली की ते निसटते. ब्राइट यांची ही परीक्षा बाबासाहेबांच्या काळापर्यंत किरकोळ फेरफारांनी तशीच चालू होती. ती खरी होती, परंतु उशिरा बोलणारी होती. तापवलेल्या नळीत पांढुरका गढूळपणा दिसेपर्यंत गाळण्यांचे पुष्कळ नुकसान होऊन गेलेले असे.

अशा शरीरानिशी आणि अशा साधनांच्या भरवशावर मसुदा समितीचे काम चालले होते. समितीत सात सभासद होते. पण ५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी घटना समितीतच वस्तुस्थिती मांडली. एकाने राजीनामा दिला, एकाचे निधन झाले, एक अमेरिकेत होते, एक संस्थानी कारभारात गुंतलेले, तर एक-दोन दिल्लीपासून दूर आणि बहुधा प्रकृतीमुळे गैरहजर. भार अखेर एकट्या आंबेडकरांवर पडला, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. ज्याच्यावर भार पडला त्याचीही प्रकृती धड नव्हती, हे त्या दिवशी कुणी बोलले नाही. मसुद्यावरील हजारो दुरुस्त्यांना उत्तरे देत, कलमामागून कलम लढवत त्यांनी २६ नोव्हेंबर १९४९ हा दिवस गाठला आणि ३९५ कलमांची, ८ परिशिष्टांची घटना स्वीकृत झाली.

दोन वेळापत्रकांतील झगडा सर्वांत स्पष्ट दिसतो तो १९५१ साली. १० ऑगस्टला बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून हिंदू कोड बिल १६ ऑगस्टला चर्चेला घ्यावे आणि १ सप्टेंबरपर्यंत संपवावे, असा आग्रह धरला. कारण त्यांनी लपवले नाही. डॉक्टर सलग महिनाभराच्या उपचारांसाठी मागे लागले होते आणि त्यांच्या हाती स्वतःला सोपवण्यापूर्वी हे विधेयक मार्गी लागावे, अशी त्यांची इच्छा होती. हिंदू स्त्रीला वारसाहक्क आणि घटस्फोटाचा अधिकार देणारे ते विधेयक त्यांना घटनेइतकेच महत्त्वाचे वाटत होते. विधेयक सप्टेंबरात रेंगाळले, त्याचे तुकडे करण्याचे घाटले आणि अखेर तेही बारगळले. २७ सप्टेंबरला त्यांनी राजीनामा दिला. उपचार लांबले आणि ज्यासाठी ते लांबवले ते कामही झाले नाही, असा दुहेरी तोटा पदरी पडला.

लगोलग पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी त्यांचा १४,५६१ मतांनी पराभव केला. १९५२ सालीच ते राज्यसभेवर गेले. त्याच वर्षी जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. परंतु लोकांनी थेट निवडून दिलेल्या सभागृहात बसण्याची इच्छा काही शमली नव्हती. ती संधी भंडाऱ्याने पुढे केली.

ही पोटनिवडणूक उद्भवली त्याची हकिगत मोठी रंजक आहे. १९५२ साली भंडारा हा दोन जागांचा मतदारसंघ होता. एक सर्वसाधारण, एक राखीव. सर्वसाधारण जागेवर निवडून आलेले काँग्रेसचे चतुर्भुज जसानी हे सरकारी कँटीनांना विड्या पुरवण्याचा करार असलेल्या व्यापारी पेढीचे भागीदार होते. सरकारशी असा हितसंबंध असणाऱ्यास उभे राहता येत नाही, असा आक्षेप निघाला. दुसरीकडे राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांचा अर्ज ते महानुभाव पंथात गेले म्हणून फेटाळला गेला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यायालयाने जसानींना अपात्र ठरवले, पंथ स्वीकारला म्हणून ठवरे यांची महार ही ओळख संपली नाही असा निर्वाळा दिला आणि संपूर्ण निवडणूकच रद्द केली. म्हणून दोन्ही जागांसाठी पुन्हा मतदान झाले. धर्म बदलल्यावर अनुसूचित जातीच्या सवलतींचे काय होते, हा प्रश्न अडीच वर्षांनी नागपुरातील धर्मांतरानंतर लाखो माणसांपुढे उभा राहणार होता. त्याची एक आगाऊ चाहूल विडीच्या आणि भाताच्या या जिल्ह्यातून दिल्लीत पोहोचली होती.

विदर्भ हा फेडरेशनचा बालेकिल्ला मानला जाई. बाबासाहेब भंडाऱ्यात येणार म्हटल्यावर गावोगावचे लोक बैलगाड्या जोडून, पायी चालत सभांना लोटले. प्रचारात त्यांनी नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर आणि काँग्रेसच्या कारभारावर कडक टीका केली. त्या सभांचा रोख राष्ट्रीय होता. उमेदवार आपल्या जातीपुरते बोलत नव्हता. दोन जागांच्या मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते असत आणि दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. सवर्ण मतदार आपले दुसरे मत बाबासाहेबांना देणार नाहीत हे ताडून, आपल्याही लोकांनी दुसरे मत कुणालाच न देता कुजवावे, असा सल्ला काही कार्यकर्त्यांनी दिल्याची आणि घटनेच्या शिल्पकाराने मतदानाचा असा अपमान करू नये म्हणून बाबासाहेबांनी तो झिडकारल्याची आठवण विदर्भात आजही सांगितली जाते. निकाल लागला तेव्हा सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले होते, तर राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. बाबासाहेब ८,३८१ मतांनी हरले. त्यानंतर त्यांनी लोकसभेची निवडणूक लढवली नाही.

विदर्भातल्या मे महिन्यात मधुमेही माणसाने प्रचार करणे म्हणजे काय, याचा विचार त्या काळी कुणी केला असेल असे वाटत नाही. साखर वाढली की लघवी वाढते, लघवी वाढली की शरीर सुकते, आणि बाहेर पारा पंचेचाळीसच्या आसपास. त्यात जेवणाच्या आणि इन्सुलिनच्या वेळा सभांच्या वेळांशी बांधलेल्या. त्याच महिन्यात बुद्धजयंतीच्या समारंभासाठी ते रंगूनलाही जाऊन आले. मग शरीराने हिशेब मागितला. जून ते ऑक्टोबर १९५४ या काळात ते बव्हंशी अंथरुणाला खिळून होते. औषधांचे दुष्परिणाम होत होते आणि दृष्टी मंदावत चालली होती. ज्या माणसाचे सारे वैभव पुस्तकांत होते त्याच्या डोळ्यांवर पडदा यावा, याइतका क्रूर विनोद नाही.

मधुमेह बारीक रक्तवाहिन्यांचा शत्रू आहे. डोळ्यांचा पडदा, पायांच्या नसांना पोसणाऱ्या वाहिन्या आणि मूत्रपिंडातील गाळण्या ही त्याची ठरलेली लक्ष्ये. पैकी पाय दुखतात आणि डोळे अंधुक होतात, म्हणून रोगी तक्रार करतो. मूत्रपिंड तक्रार करीत नाही. त्याची बरीचशी ताकद संपेपर्यंत सूज नाही, वेदना नाही, रक्तातील क्रिएटिनिनही फारसे हलत नाही. पायांच्या आणि डोळ्यांच्या तक्रारी असलेल्या मधुमेह्याची मूत्रपिंडे आज कुठलाही डॉक्टर सर्वांत आधी तपासायला सांगेल. १९५४ साली मात्र माईसाहेबांसारखी डॉक्टर उशाशी असूनही तिच्या हाती निळे द्रावण आणि ब्राइट यांची तापती नळी याव्यतिरिक्त काहीच नव्हते. रक्तदाबावरील औषधेही तुटपुंजीच होती. त्यातल्या त्यात, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या गुणाचा पुरावा विलायतेतील वैद्यकीय नियतकालिकात मांडला, तेवढी एक नवी वाट उघडली होती.

मूत्रपिंडाचे मौन फुटले ते १९६३ साली आणि तेही ब्राइट यांच्याच गाय्ज रुग्णालयात. तेथील हॅरी कीन आणि क्लूव्हेराकिस यांनी किरणोत्सर्गी खुणेच्या साह्याने लघवीतील अल्ब्युमिनचा अत्यल्प अंशही मोजण्याची रीत काढली. जेथे तापवलेली नळी स्वच्छ दिसे तेथेही अल्ब्युमिन झिरपत असते, हे या रीतीने उघड केले. या झिरपण्याचा अर्थ कळायला आणखी दोन दशके लागली. १९८२ साली व्हिबर्टी यांनी आणि १९८४ साली डेन्मार्कच्या मोगेन्सन यांनी जुन्या रुग्णांचा मागोवा घेऊन दाखवले, की ज्यांच्या लघवीत असे किंचित अल्ब्युमिन होते त्यांचीच मूत्रपिंडे पुढे अधिक प्रमाणात निकामी झाली आणि मृत्यूही त्यांच्यातच अधिक आढळले. मोगेन्सन यांनी तपासलेले रुग्ण प्रौढ वयात मधुमेह जडलेले होते, म्हणजे बाबासाहेबांसारखे.

आज ही परीक्षा तालुक्याच्या गावीही होऊ शकते. सकाळची थोडी लघवी एका डबीत द्यायची. तिच्यातील अल्ब्युमिनचे क्रिएटिनिनशी असलेले प्रमाण काढतात. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत अल्ब्युमिन असेल तर ठीक, ३० ते ३०० च्या दरम्यान असेल तर गाळणी झिरपू लागली असे समजावे. ताप, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग किंवा आदल्या दिवशीचे अंगमेहनतीचे काम यांमुळेही आकडा चढतो, म्हणून तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासून, तीनपैकी दोनदा जास्त आला तरच तो ग्राह्य धरतात. प्रौढ वयातील मधुमेहात निदान झाले त्याच वर्षी आणि पुढे दरवर्षी ही तपासणी व्हायला हवी. या टप्प्यावर रक्तदाब आणि साखर नीट आवरली आणि योग्य औषधे सुरू केली, तर पडझड मंदावते. १९९३ साली कॅप्टोप्रिल या रक्तदाबाच्या औषधाने आणि २०१९ साली एसजीएलटी-२ रोधक वर्गातील औषधाने हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध केले. साध्या पट्टीच्या लघवी तपासणीत प्रथिने निरंक आली, म्हणजे मूत्रपिंडे ठणठणीत, हा समज मात्र अजून पुष्कळ दवाखान्यांतून टिकून आहे. ती पट्टी या किंचित झिरपण्याबाबत १९५४ च्या नळीइतकीच अंध असू शकते.

भंडाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. आणि ज्या समाजांनी १९५४ साली बाबासाहेबांना भरभरून मते दिली त्यांतही तो आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ही तपासणी त्याच्या बाबतीत फसवी ठरू शकते. साखर जास्त असूनही आकडा कमी येतो. शिवाय सिकलसेलनेही मूत्रपिंडाला इजा होऊन लघवीत अल्ब्युमिन येते. म्हणून या भागातील मधुमेह्याने सिकलसेलची तपासणी झाली आहे की नाही, हे डॉक्टरांना सांगणे अगत्याचे आहे. २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची सोय होऊ लागली, ही चांगलीच गोष्ट. पण डायलिसिसच्या खुर्चीपर्यंत पोहोचलेल्या माणसाच्या आयुष्यात आठवड्यातले दोन-तीन दिवस यंत्राचे होतात. विडी वळणाऱ्या किंवा धान रोवणाऱ्या घराला ते परवडत नाही.

बाबासाहेबांकडे असा कोणताही इशारा देणारी तपासणी नव्हती. पण आपल्याकडे वेळ थोडा आहे, याची जाणीव त्यांना होती. १९५४ च्या डिसेंबरात अंथरुणातून उठून ते पुन्हा रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि परतल्यावर २५ डिसेंबरला देहूरोड येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली. प्रकृती उतरतच होती. घरात प्राणवायूची नळकांडी आणून ठेवावी लागली. तरीही बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाचे लेखन रात्री उशिरापर्यंत चाले. त्यांचे लेखनिक नानकचंद रत्तू दिवसभराची नोकरी करून येत आणि टंकलेखनाला बसत. फेब्रुवारी-मार्च १९५६ च्या सुमारास ग्रंथ हातावेगळा झाला. त्याच्या ५०० प्रती बुद्धजयंतीनिमित्त सरकारने विकत घ्याव्यात, अशी विनंती त्यांनी सप्टेंबरात नेहरूंना केली. ती मान्य झाली नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या मैदानावर ते व्यासपीठावर आले तेव्हा एका हातात काठी होती आणि दुसरा हात रत्तूंच्या खांद्यावर होता. महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी आणि माईसाहेबांनी दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखोंच्या समुदायाला स्वतः बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या समुदायात भंडारा जिल्ह्यातून आलेली माणसे हजारोंनी होती. दोन दिवसांनी चंद्रपुरातही तसाच सोहळा झाला. नोव्हेंबरात काठमांडूच्या परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर भाषण करून ते दिल्लीला परतले. आठ-नऊ वर्षांपूर्वी ज्याला डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, त्या माणसाचा हा शेवटचा दौरा होता.

५ डिसेंबरच्या रात्री अलीपूर रोडवरील घरी त्यांनी रत्तूंकडून पाय चेपून घेतले आणि ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद तसेच आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेल्या पत्रांचे मसुदे पुन्हा एकदा नजरेखालून घालण्यासाठी मागवून घेतले. ६ डिसेंबरच्या सकाळी माईसाहेब उठवायला गेल्या, तेव्हा झोपेतच त्यांची प्राणज्योत मालवली होती. वय पासष्ट. दुसऱ्या दिवशी मुंबईत दादरच्या समुद्रकिनारी अंत्यसंस्कार झाले. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला.

मृत्यूनंतर संशयाचे मोठे वादळ उठले. सरकारने केलेल्या चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी माईसाहेबांना अनेक वर्षे समाजापासून दूर, एकाकी राहावे लागले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या डॉ. आंबेडकरांच्या सहवासात या आत्मकथनात त्यांनी त्या आठ वर्षांतील दुखणी, इंजेक्शने, पथ्यपाणी आणि रात्रीची जागरणे यांची हकिगत डॉक्टरच्या आणि पत्नीच्या नजरेतून लिहून ठेवली. २९ मे २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.